सूर्यफूल खायचं, पण कोणतं आणि केव्हा?

प्रश्न : ताई, नमस्कार. यंदा गच्चीत मोठ्या कुंड्यांमध्ये सूर्यफुलं लावली आहेत. झाडं छान वाढली आहेत, काहींना कळ्याही धरल्या आहेत. एका मैत्रिणीने मेसेज पाठवला की सूर्यफुलाचं झाड मुळापासून पाकळीपर्यंत सगळंच्या सगळं खाता येतं आणि त्याच्या कोंबांमध्ये पंचवीस टक्के प्रथिनं असतात. हे कितपत खरं? पेरून उरलेलं अर्धं पाकीट बियाणं घरात पडून आहे. त्याला गुलाबी रंग दिलेला आहे, पण पाण्यात धुतला की तो जातो. त्याचेच कोंब काढावेत असं मनात आहे. घरात दहा आणि तीन वर्षांची मुलं आहेत. यजमानांना शेवंतीजवळ गेलं तरी शिंका सुरू होतात. सासूबाईंना मूत्रपिंडाच्या आजाराची औषधं चालू आहेत. कोणाला काय चालेल? शेवटचं एक : मागच्या आठवड्यात सूर्यफुलाच्या बियांची पूड घालून बिस्किटं केली, तर दुसऱ्या दिवशी ती आतून हिरवी झाली. घाबरून सगळी फेकली. बुरशी होती का?
– एक वाचक

उत्तर : नमस्कार ताई. बाकीचं सगळं नंतर, आधी ते गुलाबी बियाणं. ते भिजवू नका, त्याचे कोंब काढू नका आणि आजच मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, कधी त्याच्या जोडीला कीटकनाशकही असतं. ते खायचं नाही हे पाहताक्षणी कळावं एवढ्यासाठीच त्याला गुलाबी, लाल किंवा निळा रंग देतात. धुतल्यावर रंग उतरतो, औषध उतरेलच असं नाही. काही औषधं तर अशी असतात की बी रुजताना ती कोंबात शोषली जावीत म्हणूनच लावलेली असतात. म्हणजे अशा बियाण्याचा आठ-दहा दिवसांचा कोंब खाणं म्हणजे ते औषध ऐन भरात असताना खाणं. पक्ष्यांनाही ते टाकू नका. पुढच्या वेळी पेरायचं असेल तर पाकीट नीट बंद करून, नाव लिहून, स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवा.

आता गच्चीतली झाडं याच बियाण्याची आहेत, तेव्हा त्यांची कोवळी पानं, देठ आणि कळ्या या खेपेला खाऊ नका असंच मी सांगेन. फुलं फुलू द्या, बिया पिकू द्या आणि बिया घ्या. शेतातलं पीकही अशाच औषध लावलेल्या बियाण्यापासून येतं आणि पेरणीपासून बी पिकेपर्यंत मध्ये तीन-चार महिने जातात. मात्र झाडावर नंतर काही फवारलं असेल, तर त्या औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते दिलेलं असतं, ते पाहा. पाला आणि कळ्या खायच्याच असतील तर पुढच्या लावणीला औषध न लावलेलं बियाणं मागून घ्या. फुलवाल्याकडच्या गुच्छातलं सूर्यफूल तर कधीच ताटात घेऊ नका. ते शोभेसाठी वाढवलेलं असतं आणि त्याची फवारणी खाण्याचा विचार करून केलेली नसते.

मेसेजमधली ‘सगळं झाड खाता येतं’ ही गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. घोटाळा होतो तो पोषणाच्या आकड्यांत. सूर्यफुलाचं जे काही भरघोस पोषण आहे ते बीमध्ये आहे. पाला, देठ, कळी, पाकळी ही चवीची, ताजेपणाची, बदल म्हणून खायची गोष्ट आहे. दोन्हींचे आकडे एकत्र कालवले की असे मेसेज तयार होतात.

ते पंचवीस टक्के प्रथिनांचंच बघा. ही टक्केवारी कोंब पूर्ण वाळवून, त्यातलं पाणी काढून मोजलेली असते. आपण खातो ते ताजे कोंब आणि त्यांच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. शंभर ग्रॅम कोंबांत दहा ग्रॅम कोरडा भाग धरा, त्याचे पंचवीस टक्के म्हणजे अडीच ग्रॅम. आणि शंभर ग्रॅम कोंब म्हणजे चांगला मोठा वाडगाभर. कोंबांना मी नावं ठेवत नाही. ते कुरकुरीत लागतात, चवीला किंचित बदामासारखे असतात आणि हिरव्या पालेभाजीचे गुण त्यांच्यात आहेतच. पण प्रथिनांसाठी त्यांच्यावर विसंबू नका, विशेषतः वाढत्या मुलांच्या बाबतीत.

प्रथिनांसाठी बिया आहेत. शंभर ग्रॅम सोललेल्या बियांत साधारण २१ ग्रॅम प्रथिनं, ५१ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, साडेआठ ग्रॅम तंतू आणि ५८४ कॅलरी असतात. ई जीवनसत्त्व ३५ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ३२५ मिलिग्रॅम, लोह पाच मिलिग्रॅमच्या वर. शिवाय सेलेनियम, तांबं, जस्त, फोलेट आणि ‘ब’ गटातली बी१ आणि बी६ ही जीवनसत्त्वं. एवढ्या बिया एका दिवसात कोणी खात नाही आणि खाऊही नयेत. म्हणून मूठभराचा, म्हणजे ३० ग्रॅमचा हिशोब लक्षात ठेवा : सहा ग्रॅम प्रथिनं, जवळपास शंभर मिलिग्रॅम मॅग्नेशियम, १७५ कॅलरी आणि दहा मिलिग्रॅमच्या वर ई जीवनसत्त्व. मोठ्या माणसाला ई जीवनसत्त्व दिवसाला १५ मिलिग्रॅम लागतं. एका मुठीत त्याचा दोन तृतीयांश भाग मिळतो. सहज मिळणाऱ्या फार थोड्या पदार्थांत हे जीवनसत्त्व इतकं असतं. पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांना खराब होण्यापासून ते वाचवतं. गोळ्या घेण्यापेक्षा ते असं अन्नातून येणं मला केव्हाही बरं वाटतं.

तेल आणि बी यांत गल्लत करू नका. सूर्यफुलाच्या तेलात ई जीवनसत्त्व येतं, पण प्रथिनं, तंतू, मॅग्नेशियम, लोह हे सगळं पेंडीत मागे राहतं. ‘आम्ही सूर्यफुलाचंच तेल वापरतो’ म्हणून बियांचे फायदे मिळाले असं होत नाही.

बियांच्या प्रथिनांत एक उणीव आहे. लायसिन नावाचं अमिनो आम्ल त्यांच्यात कमी असतं. डाळी आणि कडधान्यांत ते भरपूर असतं, पण त्यांच्यात मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी आणि ते सूर्यफुलात बऱ्यापैकी. म्हणून बिया कडधान्यांच्या जोडीने खाल्ल्या की दोघांचं भागतं. स्निग्ध पदार्थांचंही असंच आहे. सूर्यफुलात ओमेगा-६ गटातलं लिनोलेइक आम्ल खूप आणि ओमेगा-३ जवळजवळ नाहीच, तेव्हा रोज फक्त याच बिया न खाता जवस किंवा अक्रोड यांच्याशी आलटून पालटून खा. बियांमधलं फायटिक आम्ल लोह थोडं अडवून धरतं. बिया रात्रभर भिजवल्या आणि वर लिंबू पिळलं तर लोह शोषायला मदत होते.

हे सगळं असूनही बिया फार काळ टिकत नाहीत, कारण त्यांचं तेल हवेने आणि उजेडाने लवकर खराब होतं. डबा उघडल्यावर जुन्या रंगासारखा उग्र वास आला, किंवा एक बी चावून जीभ किंचित कडवट-तिखट झाली, तर बिया खवट झाल्या आहेत. भाजून ती चव लपवू नका, टाकून द्या. सोललेल्या बिया थोड्याच आणा आणि हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. टरफलासकट असलेल्या जास्त टिकतात. खारवलेल्या बियांत मीठ बेसुमार असतं. साध्या घ्याव्यात आणि मंद आचेवर घरीच भाजाव्यात.

आता झाडाचे इतर भाग. यात सगळा खेळ वयाचा आहे. सूर्यफुलाच्या पानांवर आणि देठांवर बारीक केस असतात. त्यांतल्या काही केसांच्या टोकाशी कडू रसायनांच्या ग्रंथी असतात. झाड जून होतं तसे केस राठ होतात आणि देठात धागे भरतात. मोठं पान दोन बोटांत चोळून पाहा, सँडपेपरसारखं लागतं. तेच बी रुजून आलेली पहिली दोन पानं जाड, रसाळ आणि गुळगुळीत असतात. म्हणून कोंब कापायचे ते या पहिल्या जोडीच्या वेळी, मधून खरखरीत पानांची दुसरी जोडी डोकं वर काढायच्या आत. दोन दिवस उशीर झाला तरी चव कडवट होते.

कोंबांसाठी खाण्याच्या प्रतीच्या, न भाजलेल्या, टरफलासकट बिया घ्या. आठ-दहा तास भिजवून स्वच्छ मातीच्या किंवा काथ्याच्या भुश्याच्या ट्रेमध्ये दाट पसरा आणि वर दुसरा ट्रे पालथा घालून त्यावर थोडं वजन ठेवा. वजनामुळे मुळं खाली घट्ट धरतात आणि कोंब उठताना टरफल ढिलं होतं. तीन-चार दिवसांनी कोंब वरचा ट्रे उचलायला लागले की उजेडात ठेवा, पाणी खालून द्या. दहाव्या दिवसाच्या आसपास कात्रीने मातीच्या वर कापा. पानांच्या टोकांना अडकून राहिलेली टरफलं बोटाने काढून टाका, ती घशात टोचतात. बुरशीचा वास आला किंवा बुडाशी कोंब चिकट झाले तर तो ट्रे खाऊ नका. ओल आणि ऊब यांत साल्मोनेला आणि ई. कोलायसारखे जिवाणूही वाढतात, म्हणून हात, ट्रे, कात्री सगळं स्वच्छ लागतं.

कळी मला सगळ्यात आवडते. घट्ट मिटलेली, अजून पिवळं दिसायला लागलं नाही अशी कळी देठासह काढायची. बाहेरची टोकदार हिरवी पानं कडू असतात, ती खुडायची. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून ते पाणी फेकून द्यायचं आणि दुसऱ्या पाण्यात सुरी सहज आत जाईपर्यंत शिजवायची. पहिलं पाणी हिरवट-तपकिरी आणि चांगलंच कडू होतं. ते टाकण्याचा कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया जातं. मग लोणी किंवा तेलावर लसूण परतून त्यात ही कळी घोळायची, वर मीठ आणि लिंबू. आर्टिचोक (जिची कळीच खातात अशी परदेशी भाजी) खाल्लं असेल तर ओळखीची चव लागेल, दोन्ही एकाच कुळातली. एक मात्र आहे, कळी काढली की ते फूल गेलं आणि त्याच्या बियाही गेल्या. एकाच खोडावर एकच मोठं फूल येणाऱ्या जातीची कळी मी काढणार नाही. फांद्या फुटणाऱ्या जातीवर कळ्या पुष्कळ येतात, तिथे चार काढल्या तरी झाडाला जाणवत नाही.

पाकळ्यांचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड्सचा असतो. चव कडसर-गोड. भातावर किंवा सॅलडवर चिमूटभर विखुरल्या तर छान दिसतात, याहून अधिक काही त्यांच्याकडून मागू नका. देठ खायचा तर फूल येण्याआधीचा, वरचा कोवळा. साल सोलली की आतला गर कच्चाही खाता येतो. कोवळी पानं मधली शीर काढून भरपूर पाण्यात उकळून घ्यावीत आणि पाणी टाकून द्यावं. याला कडवटपणाखेरीज आणखी एक कारण आहे. सूर्यफूल पानादेठांत नायट्रेट साठवतं, नत्र खत जास्त झालं किंवा झाडाला पाण्याचा ताण बसला की अधिकच. नायट्रेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे उकळलेल्या पाण्याबरोबर बरंचसं निघून जातं. तान्ह्या बाळाला नायट्रेट बाधतं, म्हणून त्याच्या अन्नात ही पानं घालायची नाहीत.

मुळांचं म्हणाल तर सोडून द्या. ‘सूर्यफुलाचं कंद’ म्हणून जे फोटो फिरतात ते दुसऱ्या प्रजातीचे. हेलिअँथस ट्युबरोसस हे तिचं नाव, बाजारात ती जेरुसलेम आर्टिचोक म्हणून ओळखली जाते. तिच्या कंदात इन्युलिन असतं, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना ते उपयोगी पडतं आणि सवय नसलेल्याचं पोट गॅसने फुगवतंही. तुमच्या कुंडीतल्या वर्षायू सूर्यफुलाला असं कंद धरत नाही. नारिंगी फुलांचं ‘मेक्सिकन सूर्यफूल’ही वेगळंच झाड आहे, ते ताटात आणू नका.

आणि माती. सूर्यफूल जमिनीतले जड धातू ओढून घेतं, कॅडमियम तर बियांपर्यंत पोचतं. या ओढून घेण्याच्या गुणामुळेच १९९० च्या दशकात युक्रेनमधल्या, अणुभट्टीच्या अपघाताने गाजलेल्या चेर्नोबिलजवळच्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं वाढवून पाण्यातलं किरणोत्सर्गी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम काढण्याचा प्रयोग झाला होता. तुम्ही कुंडीत विकतची स्वच्छ माती भरली असेल तर काळजी नाही. बांधकामाच्या जागेची, जुना रंग खरवडून पडलेल्या भिंतीखालची किंवा वाहत्या रस्त्याकडेची माती असेल, तर त्या झाडांची फुलं बघा, खाऊ नका.

आता तुमच्या घरच्यांकडे येते. सासूबाईंना सध्या बिया देऊ नका. मूठभर बियांतून फॉस्फरस आणि पोटॅशियम प्रत्येकी दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास जातात आणि मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर हीच दोन खनिजं रक्तात साठतात. किती चालेल हे त्यांचे रक्ताचे रिपोर्ट पाहून त्यांचे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच सांगतील. पुढच्या भेटीत बिया, कोंब, पाला असं तिन्हींचं नाव घेऊन विचारा, नुसतं ‘सूर्यफूल’ म्हणू नका. कच्चे कोंब त्यांना एरवीही नकोतच.

यजमानांची शेवंतीची तक्रार मी गांभीर्याने घेईन. शेवंती, झेंडू, गाजरगवत आणि सूर्यफूल एकाच कुळातली आहेत. एकाचे पराग सोसत नसतील तर दुसऱ्याचेही त्रास देऊ शकतात. त्यांनी पाकळ्या आणि कळ्या टाळाव्यात. झाडांची छाटणी त्यांच्याकडे देऊ नका, पानांच्या रसाने अंगावर पुरळ उठणारीही माणसं असतात. बियांची अ‍ॅलर्जी क्वचितच दिसते, पण झाली तर तीव्र होऊ शकते. पूर्वी ते बिया बिनत्रास खात आले असतील तर खाऊ द्या. कधीच खाल्ल्या नसतील तर आधी डॉक्टरांना विचारा. खाल्ल्यावर ओठ सुजले, घशाला खाज आली, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तीन वर्षांच्या बाळाला अख्खी बी देऊ नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. बारीक पूड करून खिरीत किंवा कणकेत मिसळा, किंवा बियांचं लोणी पोळीवर पातळ लावा. कोंब वाफवूनच द्या. दहा वर्षांच्या मुलाला सोललेल्या बिया आणि नीट धुतलेले कोंब खुशाल द्या. फक्त टरफलासकट बिया चावून गिळायची सवय लागू देऊ नका. टरफल पचत नाही. पुष्कळ टरफलं गिळल्याने मुलांच्या मलमार्गात त्यांचा घट्ट गोळा अडकल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत.

गच्चीतल्या बिया काढायची वेळ फुलाच्या पाठीवरून कळते. ती हिरव्याची पिवळी आणि मग तपकिरी व्हायला लागते, मान खाली झुकते. त्याआधीच फुलावर जाळीदार कापड बांधा, नाहीतर पक्षी तुमच्या आधी येतील. वीतभर देठ ठेवून फूल कापा आणि वारा लागेल तिथे उलटं टांगा. वाळल्यावर आधी वरचा फुलोऱ्याचा भुसा अंगठ्याने झाडा, मग बिया चोळून काढा. डब्यात भरण्याआधी टरफल दाबून पाहा. ते कडकन फुटलं तर बी वाळली, लवचिक वाटलं तर आणखी दोन दिवस पसरून ठेवा.

राहिली बिस्किटं. ती बुरशी नव्हती. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं. खाण्याच्या सोड्याने किंवा बेकिंग पावडरने पीठ अल्कधर्मी झालं की हे आम्ल प्रथिनांशी जोडलं जाऊन हिरवा रंग तयार होतो. बिस्किट भाजून थंड होताना आणि नंतर काही तासांनी तो गडद होत जातो. त्यापासून अपाय नाही. बुरशी असती तर ती बाहेरून, ठिपक्याठिपक्यांनी, लवेसारखी दिसली असती आणि कुबट वास आला असता. तुमची बिस्किटं आतून सारखी हिरवी झाली होती. पुढच्या वेळी सोडा निम्मा करा आणि पिठात चमचाभर लिंबाचा रस घाला. रंग बराचसा आटोक्यात राहील. थोडी हिरवट झालीच तर मुलांना आधी कारण सांगा आणि मग खाऊ द्या.